ओळखीतल्या चिरुटांचे पैसे घ्यावेत का?

या वेळचं पत्र वेंगुर्ला तालुक्यातल्या एका गावातून आलंय. खाली नाव नाही, 'एक छांदिष्ट' एवढीच सही. लिहिणारे गृहस्थ साठीच्या आसपासचे, नोकरीतून निवृत्त. नारळ-सुपारीची बाग आहे आणि घराला लागून दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या आहेत. गेली काही वर्षं त्यांना हाताने चिरूट वळायचा नाद लागलाय. भरण्याचं पान निपाणीकडच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून येतं, वरचं पान थेट बंगालमधून, दिनहाट्याहून. पाइप आणि सिगार ओढणाऱ्या सात-आठ हौशी मंडळींचा गट जमलाय. कोणी कुडाळचा, कोणी गोव्यातला, दोघे-तिघे मुंबईचे. हे एकमेकांना पान देतात, चिरूट देतात, कुठला कसा लागला ते कळवतात.

आता मंडळी म्हणायला लागलीत, "फुकट कित्याक देतंस? खर्चाचे तरी पैशे घे." मुंबईच्या एका मित्राने तर गणपतीला गावी आला की न्यायला म्हणून पन्नास चिरुटांचे पैसे आगाऊ पाठवूनही दिले. राहायला आलेले पाहुणेही विचारतात. नववीतला पुतण्या सुट्टीच्या दिवशी पानांच्या शिरा काढायला मदतीला बसतो. आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, हे सगळं घरात नको आहे. पत्राच्या शेवटी ते विचारतात, "ताई, आमची सौ. कोकमाचं आगळ आणि फणसपोळी पाहुण्यांना विकते, त्याला कोण काही म्हणत नाही. मी माझ्या हातची वस्तू खर्चापुरते पैसे घेऊन दिली तर चुकलं कुठे?"

भाऊ, पैसे घेऊ नका. आगाऊ आलेत तेही परत करा. का ते सविस्तर लिहिते, कारण तुम्ही मनापासून विचारलंय आणि तुमच्या पत्रात हातातल्या कामाबद्दलचं प्रेम जागोजागी दिसतं. एखादं पान हातात घेतल्यावर ते किती ओलं आहे हे बोटांना कसं कळतं, यावर तुम्ही जे लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. अशा माणसाला नुसतं 'नको' म्हणून वाटेला लावणं मला पटत नाही.

आधी आगळाची गोष्ट. वहिनींच्या आगळालाही नियम आहेत. घरगुती खाद्यपदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते, ती सोपी आहे आणि वहिनींनी केली नसेल तर या निमित्ताने करून घ्यावी. पण तंबाखूला देशात वेगळाच कायदा आहे, २००३ सालचा. सगळे त्याला कोटपा म्हणतात. त्याच्या यादीत सिगारेट आणि विडीच्या सोबत सिगार आणि चिरूट ही नावं स्पष्ट आहेत. घरी वळला की कारखान्यात, असा फरक तो करत नाही. चिरूट बनवणं म्हणजे उत्पादन, मग बनवणारा पडवीत पाटावर बसलेला का असेना.

आता तुमच्या गटासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. तुमची समजूत अशी दिसते की नफा नाही म्हणजे विक्री नाही. या कायद्यात विक्रीची व्याख्या फार रुंद आहे. रोख असो, उधार असो, की वस्तूच्या बदल्यात वस्तू असो, मालकी एका हातातून दुसऱ्या हातात गेली की ती विक्री. विकायला काढणं आणि विक्रीसाठी मांडून ठेवणं हेसुद्धा त्यातच येतं. म्हणजे कुडाळच्या मित्राने तुम्हाला किलोभर पान दिलं आणि तुम्ही बदल्यात वीस चिरूट दिले, तर एक रुपयाही न फिरवता तुम्ही दोघे विक्रीच्या व्याख्येत जाऊन बसता. पाहुण्यांच्या खोलीत टेबलावर परडीत चार चिरूट आणि शेजारी भावाची चिठ्ठी ठेवली, तरी तेच. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला फोटो टाकून 'हवे असल्यास कळवा' लिहिलंत तर जाहिरातबंदीचं कलमही अंगावर येतं.

शिवाय इशाऱ्याचं कलम आहे. उत्पादन, पुरवठा, वितरण असे तिन्ही शब्द त्यात आहेत, आणि प्रत्येक वेष्टनावर ठरवून दिलेला चित्रासह इशारा हवा, दर्शनी भागाचा ८५ टक्के भाग व्यापणारा. इशारा नसलेला माल काढणाऱ्या उत्पादकाला पहिल्याच गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सुटा माल विकून यातून सुटता येईल असंही समजू नका. सुट्या सिगारेटी आणि विड्या विकायला आपल्या राज्यात २०२० साली बंदी आली ती याच कारणाने, सुटी कांडी घेणाऱ्याच्या नजरेला इशारा पडतच नाही. कराचं थोडक्यात सांगते: तंबाखूवर जीएसटी आहे आणि केंद्रीय उत्पादन शुल्कही आहे. लहान व्यावसायिकाला सोपी पडणारी कंपोझिशन योजना तंबाखूचा माल बनवणाऱ्याला मिळत नाही. उद्या खरंच धंदा करायचा मनात आलं तर आधी सीएकडे जा, मग पाट मांडा. माझं मत विचाराल तर तुमच्या महिन्याच्या शंभर-दीडशे चिरुटांसाठी हा खटाटोप परवडणारा नाही.

पण मला पैसे नको वाटतात त्याचं मूळ कारण कायद्यापलीकडचं आहे. आज तुमचा प्रत्येक चिरूट कोणाच्या तोंडात जातो ते तुम्हाला ठाऊक आहे. कुडाळच्या मित्राला रक्तदाब आहे, म्हणून तुम्ही त्याला हलक्या भरण्याचा देता, हे तुम्हीच लिहिलंय. पन्नास चिरुटांचा डबा मुंबईला गेला की ही माहिती तुटली. तो मित्र ऑफिसात वाटणार, सोसायटीच्या गच्चीवर वाटणार, कोणाचा तरी कॉलेजातला मुलगा मजा म्हणून ओढून बघणार. पैसे घेतले की 'कोणाला देणार आहेस?' हे विचारायचा अधिकारही तुमच्याकडे उरत नाही.

आणि तोंडात जाणारी ही वस्तू जपून द्यावी अशीच आहे. 'आम्ही धूर आत घेत नाही, सिगारेटसारखं नाही ते' असं तुमच्या गटातले म्हणतात. सिगारच्या, चिरुटाच्या धुरातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं, त्यासाठी फुफ्फुसापर्यंत जावं लागत नाही. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. जीभ, गाल, घसा, अन्ननलिका या सगळ्यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध पक्का आहे. हाताने वळलेला, रसायन न घातलेला, घरचा, यातल्या कशानेही हा धोका कमी होत नाही. गटातल्या प्रत्येकाने महिन्यातून एकदा आरशासमोर तोंड उघडून टॉर्च मारून बघावं. गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पांढरा चट्टा दिसला आणि तो पुसून जात नसेल, किंवा दोन आठवड्यांत न भरणारं तोंड आलं असेल, तर घरगुती औषध करत बसू नये, सरळ दाताच्या नाहीतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जावं. कोणाला सोडायचं मनात आलं तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा टोल फ्री क्रमांक आहे. तो तुमच्या चिरुटांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा, हे मी अगदी मनापासून सांगते.

तुम्ही परंपरेचा मुद्दाही मांडलाय, कोकणात तंबाखू पहिल्यापासून आहे असा. आपल्याकडे तंबाखू आला पोर्तुगीजांच्या गलबतांतून. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो दख्खनमध्ये रुजला होता. अकबराच्या दरबारात तो पहिल्यांदा पोचला तो विजापुराहून, अकबराचाच वकील म्हणून तिथे गेलेल्या असद बेगने नेलेला, आणि १६१७ मध्ये जहांगीरने त्यावर बंदी घालायचा प्रयत्नही करून पाहिला. कोकणातल्या म्हाताऱ्यांची कुड्याच्या पानाची विडी ही त्याच्या खूप नंतरची सोय. जुनं आहे हे खरं. पण याच किनाऱ्यावर घरोघरच्या बायकांनी मशेरी लावून तोंडं खराब करून घेतली तीही जुनीच गोष्ट, आणि माझ्या माहेरच्या माणसांत मी ती जवळून पाहिलीय.

मग वाटून घ्यायचं तर कसं? माझं सांगणं असं: चिरूट फिरवू नका, बैठक भरवा. ज्याला हवं त्याने व्यापाऱ्याकडून स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पैशाने, बिल घेऊन पान मागवावं. महिन्यातून एकदा तुमच्या ओटीवर सगळ्यांनी बसावं आणि जो तो आपल्या पानाचे आपण वळेल, आपले आपण घरी नेईल. तुम्ही शिकवा. भरण्याची पानं कशी लांबीत दुमडायची म्हणजे मधून हवा जायला वाट राहते, भरण्याभोवती गुंडाळायचं बांधणीचं पान किती ताणायचं, वरच्या पानाची शीर कुठल्या बाजूला यावी, हे सगळं तुमच्या बोटांत आहे आणि ते दिल्याने कोणताही कायदा मोडत नाही. ओटीवर बसलेल्या दोस्ताला आपला एखादा चिरूट ओढायला देणं वेगळं आणि डबे भरून पाठवणं वेगळं, हे लक्षात ठेवा. आणि या बैठकीला एकच अट असू द्या. जो आधीपासून ओढतो तोच येईल. नवीन माणसाला सवय लावणारं काम तिथे होता कामा नये.

आता तुमच्या कामातल्या चुका, कारण पत्रात दोन ठिकाणी मला काळजी वाटली.

पहिली, निपाणीच्या पानाची. ते पीक मुख्यतः विडीसाठी, उन्हात वाळवलेलं आणि तडाख्याचं असतं. सिगारचं पान सावलीत, वाऱ्यावर हळूहळू वाळवतात आणि मग ढीग घालून मुरवतात. ढीग आतून तापतो, अमोनिया निघून जातो, पान मवाळ होतं. तुम्ही लिहिता की काही चिरुटांना 'नाकाला झोंबणारा वास' येतो आणि ओढल्यावर चक्कर येते. तो अमोनियाच आहे, पान मुरलेलं नाही. असं पान आणखी काही महिने ठेवून द्या, कोणाला देऊ नका. भरण्याला तमिळनाडूतलं, दिंडीगुलकडचं सिगारचं पान मिळालं तर ते बघा. उन्हात जमिनीवर वाळलेल्या पानात माती-रेतीही असते. पान उघडून मऊ ब्रशने दोन्ही बाजूंनी झटकायचं, ओलं फडकं फिरवायचं, मगच भरण्यात घ्यायचं.

दुसरी काळजी बुरशीची. चिरुटाला ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे आषाढ-श्रावणात हवाच त्याच्या कितीतरी वर असते, तिथे डब्यात ओला स्पंज ठेवायचा सल्ला ज्याने दिला त्याने परदेशातल्या कोरड्या हवेसाठीचा सल्ला दिला. पावसाळ्यात उलट करा. घट्ट झाकणाचा डबा, आत आर्द्रता राखणारी तयार पाकिटं, आणि चाळीस-पन्नास रुपयांची जुगाडी वस्तू न घेता नीट चालणारा एक आर्द्रतामापक. 'वर पांढरा भुरका आला होता, फडक्याने पुसून मित्रांना दिले' असं तुम्ही लिहिलंय. भाऊ, हे पुन्हा करू नका. लोकरीसारखी, हिरवट-पांढरी, पानाच्या शिरेवर आणि तोंडाकडच्या टोकाला वाढलेली ती बुरशीच असते, आणि वरून पुसली तरी भरण्यात गेलेली तशीच राहते. असा चिरूट फेकायचा. त्याच डब्यातले बाकीचे एकेक करून उजेडात बघायचे, आणि डबा रिकामा करून उन्हं येतील तेव्हा कडकडीत वाळवायचा.

बारीक गोल भोकं दिसली तर ती तंबाखूच्या किड्याची. आपल्या उबदार हवेत त्याची अंडी बारा महिने फुटू शकतात. चिरूट हवाबंद पिशवीत घालून तीन-चार दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग बाहेर. एकदम बाहेर काढले तर वरचं पान तडकतं. मात्र ज्या फ्रीजरमध्ये मासळी आहे तिथे पिशवी दुहेरी हवी. तंबाखू वास ओढून घेतो. म्हणूनच सावंतवाडीची ती रंगीत लाखेची पेटी, तुम्ही ज्यात ठेवता म्हणता, ती दिसायला कितीही देखणी असली तरी या कामाची नाही, लाखेचा आणि रंगाचा वास चिरुटात उतरतो. आणि चिरुटाच्या तोंडाकडच्या टोकावरची पानाची टोपी चिकटवायला मैद्याची खळ किंवा ग्वारचा डिंक वापरा. बाजारातला लाकूडकामाचा गोंद वापरणारा कोणी गटात असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

पुतण्याचं मात्र एका वाक्यात सांगते: त्याला आजपासून या कामाला बसवायचं नाही. ओलसर पानातलं निकोटीन हाताच्या कातडीतून अंगात जातं, तंबाखूच्या शेतात काम करणाऱ्यांना त्यानेच मळमळ, उलट्या, चक्कर येते. तुम्हालाही पान भिजवताना हातमोजे हवेत. पोरगा ओढत नाही हे मान्य. पण दर सुट्टीला काकाच्या शेजारी बसून तो वास घेणारा मुलगा सोळाव्या वर्षी एक पेटवून बघणार नाही याची हमी तुम्ही देऊ शकत नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७७ वाचून ठेवा. अल्पवयीन मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि कायदा काका-मामा बघत नाही. पान भिजवलेलं पाणीही उघड्यावर ठेवू नका. त्याच पाण्याचा काढा करून लोक भाजीवरचा मावा मारतात. गुरं, कोंबड्या, लहान मूल, कोणाच्याही तोंडी ते लागता कामा नये.

पाहुण्यांना एकही देऊ नका. दाखवायलाही काढू नका. ते पैसे देऊन राहायला आलेले अनोळखी लोक आहेत, त्यांना दिलेलं काहीही 'भेट' ठरत नाही. कोणी विचारलंच तर माझा खाजगी छंद आहे म्हणून सांगा आणि फणसपोळी पुढे करा.

वहिनींबद्दल तुम्ही तीनच ओळी लिहिल्यात, पण त्यांचं म्हणणं मला त्यातही नीट कळलं. घरात वास बसतो, अंथरुणाला लागतो, पाहुण्यांच्या खोलीतून तक्रार येते, आणि नवऱ्याच्या तब्येतीची काळजी आहे ती वेगळीच. त्यांना 'तुला यातलं कळत नाही' असं तुम्ही म्हणालात, ते शब्द मागे घ्या. पान, पाट, सुरी, डबे हे सगळं बागेतल्या मांगरात हलवा, त्याला कुलूप लावा, आणि घराच्या छपराखाली पेटवायचं नाही हे आपणहून कबूल करा. बैठकीचा दिवस त्यांना विचारून ठरवा. गणपतीचे दिवस तर सोडूनच द्या. आरती-भजनाच्या गर्दीत, मांडवाच्या कडेला चार जण धूर सोडत उभे आहेत हे चांगलंही दिसत नाही, आणि सार्वजनिक जागी ओढलं तर २०० रुपयांपर्यंत दंड आहे.

राहिला मुंबईचा मित्र. त्याला फोनवर सांगायला तुम्हाला संकोच वाटेल, म्हणून मजकूर लिहून देते, हवा तसा बदला: "पैसे आज परत पाठवलेत. चिरूट विकायचे नाहीत असं ठरवलंय, तुलाच नाही, कुणालाच. राग मानू नको. गणपती झाले की दोन दिवस जास्त राहा, तुझं पान तू मागव, दोघं बसून वळू. आणि येण्याआधी डॉक्टरला एकदा तोंड दाखवून ये, मीही दाखवतोय." शेवटचं वाक्य गाळू नका. आणि ते लिहिल्यावर खरंच दाखवून या.